*यास्त्रेंबु : आद्य-स्लाव्ह भाषेतल्या बाजाच्या नावाची उकल

तालव्य

शिकारी पक्ष्यांच्या स्लाव्ह नावांवर चर्चा निघाली की गाडी बहुतेक वेळा 'सोकोल' (ससाणा) आणि संस्कृत 'शकुन' (पक्षी) इथेच अडकते. त्याहून जास्त हाताला लागेल असा शब्द दुसरा आहे: *यास्त्रेंबु. अर्थ बाज, म्हणजे इंग्रजीतला गॉसहॉक. आपला शिक्रा याच कुळातला, आकाराने बराच लहान.

आधी लेखनाचं. 'एं' म्हणजे नाकातून काढलेला ए. शेवटचा 'उ' अगदी ओझरता. आद्य-स्लाव्ह ही आई धरली तर रशियन, पोलिश वगैरे तिच्या लेकी; आजच्या एकाही लेकीत तो उरलेला नाही. शब्दापुढची चांदणी (*) सांगते की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा काढलाय.

लेकी अशा: रशियन यास्त्रेब, बेलारूसी यास्त्रब, युक्रेनियन यास्त्रुब, पोलिश यास्त्शोंप (षष्ठी यास्त्शेंब्या), चेक येस्त्र्झाब, स्लोव्हाक यास्त्राब, सर्बियन-क्रोएशियन यास्त्रेब.

पहिला पेच मधल्या स्वराचा. ए, अ, उ, ओं, आ असे पाच प्रकार समोर आहेत. रशियनवर विसंबलं तर फसगत होते. आघात पहिल्या 'या'वर असल्यामुळे मागचा स्वर दबतो आणि त्याची लेखी खूण भरवशाची राहत नाही. निकाल पोलिश देते, पण तिच्यातही ओं/एं पाहू नका. ते जुन्या ऱ्हस्व-दीर्घ भेदावरून ठरतं, मूळ स्वर कोणता होता यावरून नाही. पाहायचा तो अलीकडचा 'र'. मूळ नासिक्य स्वर पुढचा (एं) असेल तर पोलिशमध्ये र मऊ होऊन त्याचा श/झ होतो, मागचा (ओं) असेल तर र तसाच राहतो. 'ओळ' या अर्थाचा झोंट (रशियन र्याद) आणि 'हात' या अर्थाचा रेंका (रशियन रुका) शेजारी ठेवा, लगेच दिसेल. यास्त्शोंपमध्ये र चा श झालाय, म्हणून मूळ स्वर एं. चेकचा र्झ हीच साक्ष देतो.

दुसरं, सुरुवातीचा य. स्लाव्हमध्ये शब्दारंभीच्या दीर्घ आ पुढे य चिकटतो. सफरचंद रशियनमध्ये याब्लको, पण लिथुआनियनमध्ये ओबुओलिस. कोकरू रशियनमध्ये यग्न्योनक, पण बल्गेरियनमध्ये अजूनही नुसतं अग्ने, लॅटिनमध्ये आग्नुस. तेव्हा य सोलून काढला की उरतं *आस्त्रेंबु. कोशात शोधताना 'आ'खाली आणि 'या'खाली, दोन्हीकडे पाहावं. काही कोशकार य धरतात, काही धरत नाहीत.

तिसरं, मधला त. स्लाव्हला 'स्र' उच्चारवत नाही, मध्ये त घुसतोच. स्वसृ आणि सेस्त्रा (बहीण). स्रवति, स्रोतस् आणि स्त्रुया (धार). म्हणून हा त काढून टाकायला मोकळीक आहे: *आस्र-.

चौथं, स. संस्कृतचा श तो स्लाव्हचा स. दश आणि देसेंति ही जोडी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल. आता *आस्र- ला संस्कृत वेष चढवला तर *आश्र-, आणि शेजारीच उभा आहे आशु. जलद. ग्रीक ओकुस तोच. मुळातला दीर्घ ओ ग्रीकमध्ये ओ राहतो, संस्कृतमध्ये आणि स्लाव्हमध्ये आ होतो.

माझं मत स्पष्ट सांगतो: पुढचा भाग 'जलद', शेपूट प्राण्यांच्या नावांचा प्रत्यय, आणि बाकीच्या व्युत्पत्त्या ऐकायला गोड पण स्वरांच्या हिशोबात नापास.

रानकवडा

उत्तम धागा. एक शंका पक्ष्याच्या बाजूने. वेगासाठी नाव द्यायचं तर ते बहिरी ससाण्याला मिळायला हवं. बाज हा काही सूर मारणारा पक्षी नाही. पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब, झाडांच्या आड दबा धरून बसतो. आणि पाठलाग थोडक्यात आटपतो, नाही साधलं तर सोडून देतो.

दुसरं म्हणजे धागाकर्त्यांनी सांभाळलंय पण पुढे गडबड होऊ नये म्हणून: बाज आणि ससाणा ही भावंडं नव्हेत. ससाण्याच्या चोचीला दातासारखी खाच असते आणि तो भक्ष्य चोचीने मारतो. बाज मारतो पंजाने. २००८ सालच्या मोठ्या जनुकीय अभ्यासापासून ससाणे हे बाज-गरुडांपेक्षा पोपटांच्या जवळचे मानले जातात.

जुनी पोथी

रानकवडा, शंका रास्त आहे पण नाव देणाऱ्याने घड्याळ लावलेलं नसतं. जंगलाच्या कडेला कोंबडी दिसते आणि पापणी लवायच्या आत नाहीशी होते, त्याला 'जलद' म्हणायला तेवढं पुरतं.

आणि हा विशेषणाचा योग एकट्या स्लाव्हचा नाही. ऋग्वेद ४.२६.४ मध्ये श्येनाला (वेदातला शिकारी पक्षी) विशेषण आहे आशुपत्वा, जलद उडणारा. ग्रीकमध्ये प्राचीन कवी हेसिअडने बाजाला लावलेलं विशेषण ओकुपेतेस: ओकु म्हणजे आशु, पेत म्हणजे पत् (उडणे). घटक न् घटक तोच. लॅटिनचा आक्किपितेर (बाज) हाही बहुतेक जण 'जलद-पंखी' असाच सोडवतात. त्यातला जोड क्क मागाहून आलेला, 'आक्किपेरे' म्हणजे घेणे, झडप घालणे या क्रियापदाच्या ओढीने. तीन शाखांमध्ये एकाच पक्ष्याभोवती एकच शब्द घुटमळतोय, तर चौथीत तो निघाला यात नवल कसलं?

भाषाभुंगा

थांबा थांबा. 'आशु' उकारान्त आहे. स्लाव्हमध्ये र आहे. हा र कुठून टपकला? त घुसवायला आधी स्र लागतो, आणि स्र साठी र लागतो. इथेच बहुतेक लेख हात झटकून पुढे जातात.

दुसरा मुद्दा. 'ओस्त्रु' म्हणजे तीक्ष्ण हा शब्द स्लाव्हमध्ये जिवंत आहे, त्यात स्त्र तयार आहे, बाजाची नखं-नजर तीक्ष्ण आहे. मग आशुपर्यंत जायचं कशाला?

तालव्य

दुसऱ्याचं उत्तर आधी, ते सोपं आहे. ओस्त्रुमधला ओ हा मूळ ऱ्हस्व स्वरातून आलाय (संस्कृत अश्रि म्हणजे धार, ग्रीक आक्रोस). स्लाव्हमध्ये ऱ्हस्व अ/ओ चा ओ होतो, दीर्घाचा आ. अष्ट ते ओस्मि, पण भ्राता ते ब्रात्रु. बाजाच्या शब्दात सगळ्या लेकींत आ/या आहे, ओ एकीतही नाही. म्हणून ओस्त्रु बाद.

पहिल्याचं उत्तर म्हणजे कालांडचा नियम. विलेम कालांड (१८५९–१९३२) हे डच संस्कृत पंडित. श्रौतसूत्रं (वैदिक यज्ञविधींचे ग्रंथ) वाचणाऱ्यांना ते आपस्तंब श्रौतसूत्राच्या जर्मन भाषांतरामुळे ठाऊक असतील. त्यांनी दाखवून दिलं की काही विशेषणं एकाच धातूवर प्रत्ययांची ठरावीक अदलाबदल करतात: एकटं असताना -र, समासात -इ, दुसरीकडे -उ, भाववाचक नामात -अस्. उग्र पण ओजस्. ऋज्र पण ऋजि-. तेव्हा *आशु शेजारी *आश्र असणं ही पळवाट नाही, त्या घराण्याची रीतच तशी आहे.

जुनी पोथी

आणि गंमत पाहा, ऋजि-चं ठळक उदाहरण काय? ऋजिप्य. तेही श्येनाचंच विशेषण, ४.२७.४. अवेस्तामध्ये (पारशांचा प्राचीन धर्मग्रंथ) एरेझिफ्य म्हणजे थेट गरुड, आर्मेनियन आर्त्सिव म्हणजे गरुड. विशेषणाचं पुढे पक्षीनाम होतं याचा याहून सरळ दाखला नको.

प्रागकर

चेककडून एक आक्षेप. चेक शब्द येस्त्र्झाब आहे, या- नाही. आणि 'खाणे' हे क्रियापद स्लाव्हमध्ये ये-/या- ने सुरू होतं. यावरून जुनी एक व्युत्पत्ती आहे: 'खाणे' + *रेंबु 'तित्तिर', म्हणजे तित्तिरखाऊ. आपल्याकडे शशादन म्हणजे ससे खाणारा, ज्याच्याशी ससाणा जोडतात. अर्थाच्या अंगाने ही जोडी मला आशुपेक्षा जास्त पटते. रशियनमध्ये आजही बाजाचं पूर्ण नाव यास्त्रेब-तेतेरेव्यात्निक, म्हणजे रानकोंबडा धरणारा, आणि स्पॅरोहॉक म्हणजे यास्त्रेब-पेरेपेल्यात्निक, लावे धरणारा.

तालव्य

प्रागकर, चेकचा ये नवा आहे. जुन्या चेकमध्ये यास्त्र्झाबच होतं. चेकमध्ये मऊ व्यंजनांच्या मध्ये सापडलेला अ पुढे सरकून ए होतो: पोलिश याग्न्यें पण चेक येह्न्ये. शेजारच्या स्लोव्हाकमध्ये हा बदल झाला नाही, तिथे यास्त्राब आणि याह्न्या. एका लेकीचा स्वर वेगळा दिसला की आधी त्या घरातला स्थानिक नियम तपासायचा, मग आईकडे जायचं.

'खाणे' का बाद, ते क्रोएशियनवरून तपासता येतं. तिथे खाणे म्हणजे येस्ति, कारण मुळात वेगळा स्वर होता, आणि बाज यास्त्रेब. शब्द खाण्यावरून आला असता तर क्रोएशियनमध्ये *येस्त्रेब मिळाला असता. रशियनमध्ये बाज या-ने सुरू होतो म्हणून ही कल्पना सुचते, पण तिथेही खाणे येस्त् आहे.

घटकांचा क्रमही उलटा आहे. स्लाव्हमध्ये 'अमुक खाणारा' कसा बनतो ते अस्वलाच्या नावात दिसतं: मेद्वेद. मेदु म्हणजे मध, मागे अद् धातू. संस्कृतच्या मध्वद् सारखाच. खाद्य आधी, खाणारा मागे. शशादनमध्येही तेच. तित्तिरखाऊ हवा असता तर *रेंबेदु सारखं काहीतरी झालं असतं.

रानकवडा

तेतेरेव्यात्निकवर जोडतो: हे दुहेरी नाव उलट बाजूने बोलतं. भक्ष्य सांगायला वेगळा शब्द मागे लावावा लागतो, म्हणजे यास्त्रेब ऐकून बोलणाऱ्याच्या मनात भक्ष्य येत नाही. लिथुआनियनमध्येही वानागासला (बाज) कोंबडी जोडून विश्तवानागिस करतात.

पण *रेंबु सोडायला मी तयार नाही. रशियन र्याबोय म्हणजे ठिपकेदार, व्रणांचा. र्याबचिक हा जंगली तित्तिरवर्गी पक्षी त्यावरूनच. बाजाची छाती पाहा: पिल्लाच्या छातीवर उभे फराटे, प्रौढाच्या छातीवर आडव्या बारीक रेघा. 'जलद ठिपक्या' का नको?

भाषाभुंगा

+१. ही सूचना जुनी आणि दमदार आहे. अडचण एकच, जोडाची. स्लाव्ह सामासिक शब्दात पहिल्या पदाला ओ लागतो, म्हणजे *आस्त्रो-रेंबु. त्यातला 'रो' गाळावा लागेल. दोन र लागोपाठ आले की एक गळतो हे घडतं, पण तो नियम नव्हे, सवलत आहे. सवलत तेव्हाच घ्यावी जेव्हा बिनसवलतीचा मार्ग नसतो.

तालव्य

आणि बिनसवलतीचा मार्ग आहे, तोच धाग्याचा गाभा. शेपूट.

स्लाव्हमध्ये पक्ष्यांच्या नावांची नासिक्य + ब अशी शेपटी पुन्हा पुन्हा दिसते. कबुतर *गोलोंबि (रशियन गोलुब, पोलिश गोवोंप), तित्तिर *एरेंबि. आता संस्कृतकडे या: वृषभ, ऋषभ, गर्दभ, रासभ, शरभ, शलभ, कलभ. ग्रीकमध्ये एलाफोस (हरीण), एरिफोस (करडू). प्राण्यांच्या नावांना लागणारा हा जुना प्रत्यय आहे. स्लाव्हमध्ये भ चा ब होतो, ग्रीकमध्ये फ.

'पण संस्कृतमध्ये नासिक्य कुठे?' असं कोणी विचारेल. वृषभ हा वृषन् + भ आहे. न् दोन व्यंजनांमध्ये सापडून स्वतःच स्वर बनला, आणि असा स्वरवत् न्/म् संस्कृतमध्ये अ होतो, ग्रीकमध्येही अ (एल-अ-फोस), स्लाव्हमध्ये मात्र एं. वर सांगितलेली जोडी आठवा: दश – देसेंति. त्या एका जोडीत या शब्दाला लागणारे दोन्ही नियम आहेत, श ला स आणि अ ला एं.

आता जुळणी करू. *आश्र 'जलद', त्याला 'तो जलदवाला' या अर्थी न् (वृषन् मधला), मग -भ. स्लाव्हमध्ये: आस्र → आस्त्र, न् → एं, भ → बु, पुढे य. *यास्त्रेंबु. एकही अक्षर गाळलेलं नाही, एकही सवलत घेतलेली नाही. हाच शब्द संस्कृतमध्ये उतरला असता तर झाला असता *आश्रभ. तो कुठे आढळत नाही, पण वृषभ-रासभांच्या पंक्तीत बसवला तर परका वाटणार नाही.

प्रागकर

*आश्रभ झकास! खाण्याचा मुद्दा मागे घेतो.

पण युक्रेनियन यास्त्रुब? तिथे एं चा या व्हायला हवा. उ तर ओं मधून येतो.

भाषाभुंगा

कबुतराची शेपटी बाजाला लागली आहे. युक्रेनियनमध्ये कबुतर होलुब. पक्षीनाम, शेवटी ब, त्याच्या वजनाने यास्त्रुब. म्हणून एका रूपावरून *यास्त्रोंबु उभं करायचं नाही. पोलिश आणि चेकमधला मऊ र ते होऊ देत नाही.

धागाकर्त्यांना मात्र एक टोचणी. शब्द फक्त स्लाव्हमध्ये आहे. बाल्टिक (लिथुआनियन वगैरे), म्हणजे सर्वांत जवळची बहीण, तिथे वानागास. आणि स्लाव्हमध्ये 'जलद'साठी रोजचे शब्द बिस्त्रु, स्कोरु. आशुचा धातू या एका पक्ष्यातच अडकून राहिला असं मानावं लागतं.

तालव्य

मान्य. या व्युत्पत्तीची सर्वांत कमकुवत बाजू तीच. माझं म्हणणं एवढंच की नामशेष शब्द पक्षी-प्राण्यांच्या नावांत टिकून राहतात. बिस्त्रुमध्येही तोच घुसखोर त आहे, हे जाता जाता.

माळरान

लॅटिनमध्ये 'आस्तुर' म्हणजे बाज आहे ना? २०२४ पासून पक्षीशास्त्रज्ञांनी बाजाची प्रजातीही आक्सिपिटरमधून काढून आस्तुर केली. आस्तुर, आस्त्र... उसना शब्द असेल तर सगळी कसरत वाचते.

भाषाभुंगा

मोह सगळ्यांना होतो. पण आस्तुर लॅटिनमध्ये उशिरा दिसतो, चौथ्या शतकात. आणि लॅटिनमधून स्लाव्हमध्ये जुन्या काळी आलेल्या शब्दांत ऱ्हस्व अ चा ओ होतो: आल्तारे (वेदी) चा ओल्तार, आकेतुम (शिरका) चा ओत्सेत. आस्तुर आला असता तर ओ-ने सुरू झाला असता. शिवाय -एंबु ही शेपटी तरीही समजावून द्यावी लागतेच. कसरत काही वाचत नाही.

माळरान

पटलं. मग सोकोल आणि शकुन? तो धागा कुठवर नेता येतो?

जुनी पोथी

अर्ध्यावर. श–स जुळतो, क जुळतो, अर्थ जुळतो (वेदात शकुन म्हणजे पक्षी, बहुधा मोठा, 'शुभशकुन' त्यातूनच). शेपटी जुळत नाही: एकीकडे -उन, दुसरीकडे -ओलु. लिथुआनियन साकालास आहे, पण तो स्लाव्हकडून घेतलेला असण्याची शक्यता बरीच. अरबी सक्र नुसता कानाला जवळचा वाटतो. 'यास्त्रेंबु'मध्ये जसं अक्षरागणिक उत्तर देता येतं तसं इथे येत नाही.

चेक रारोह, पोलिश रारुग (सेकर ससाणा) याला इराणी वारेग्नशी जोडतात. अवेस्ताच्या १४व्या यश्तात (स्तोत्रात) वेरेथ्रघ्न हा देव, म्हणजे आपल्या वृत्रहन्‌चा भाऊबंद, या पक्ष्याचं रूप घेतो. पण व चा र का झाला, हे विचारलं की सगळे गप्प.

रानकवडा

दोन्ही पक्षी बोलणाऱ्यांच्या डोक्यात वेगळे होते याला कायद्याचा पुरावा आहे. 'रूस्काया प्राव्दा' या जुन्या रशियन विधिसंग्रहात दुसऱ्याचा कुत्रा, यास्त्रेब किंवा सोकोल पळवला तर ३ ग्रिव्ना (तेव्हाचं चलन) भरपाई लिहिलीय. दोघांची नावं अलग, दंड एकच. म्हणजे जुन्या मजकुराचं भाषांतर करताना दोन्हीला सरसकट 'ससाणा' लिहू नये. सोकोल = ससाणा, यास्त्रेब = बाज.

प्रागकर

त्याला एक अपवाद, नाहीतर पक्षी-मार्गदर्शिका हातात घेऊन गोंधळ होईल. स्लोव्हेनियनमध्ये यास्त्रेब म्हणजे गिधाड. बेलोग्लावी यास्त्रेब हा पांढऱ्या डोक्याचा युरेशियन गिधाड. बाजाला तिथे क्रागुल्य म्हणतात. शेजारच्या क्रोएशियात गिधाड म्हणजे सुप आणि यास्त्रेब बाजच. सीमा ओलांडली की पक्षी बदलतो.

माळरान

मग मूळ अर्थ गिधाड नसेल कशावरून?

तालव्य

रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, क्रोएशियन, सगळीकडे बाज. एकट्या कोपऱ्यात गिधाड. आणि तिथे क्रागुल्यने बाजाची जागा घेतलेली दिसतेच, म्हणजे जुना शब्द सरकून शेजारच्या पक्ष्यावर बसला. शिवाय गिधाडाला कोणी 'जलद' म्हणेल?

रानकवडा

मेलेल्या गुरावर उतरताना पाहिलं तर म्हणेल. 😄 पण सहमत.